वखारीची लेक, फौंड्रीचा जावई

आक्का वारल्या त्याच्या चौथ्या महिन्यात त्यांचे पती आण्णा यांच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरी वकिलाची नोटीस आली. पाठवणारे दोघे, आक्कांचे निपाणीचे चुलत भाऊ. नोटिशीतलं म्हणणं असं: आक्कांना वडिलांकडून वारशाने आलेल्या निपाणीतल्या दोन वखारी, चिकोडी रस्त्याकडचं चौदा एकर रान, चंदगड तालुक्यातले तीन एकर आणि बेळगावात उद्यमबागेला लागून असलेली बिनशेती जागा आता आमची आहे, यातल्या कशावरही पतीचा हक्क नाही. त्या शेवटच्या जागेवर आण्णांची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, उभी होती. भट्टी, मोल्डिंग, पॅटर्न शॉप, मशीन शॉप आणि दीडशेवर कामगार.

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या व्यापारी आणि कारखानदार घरांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात, ते एकत्र गुंफून ते रचलं आहे. माणसं आणि त्यांची मालमत्ता कल्पित आहे. कायदा आणि इतिहास मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

आक्कांचे वडील, आप्पा, तंबाखूचे व्यापारी. १९६८ साली धाकट्या भावाशी रीतसर नोंदणी करून वाटणी झाली आणि दोघांच्या वखारी वेगळ्या झाल्या, तरी चूल बरीच वर्षं एकच राहिली. आप्पांची बायको लवकर गेली. एकुलत्या एका लेकीला धाकट्या भावाच्या बायकोने, म्हणजे काकीने, आपल्या तीन पोरांबरोबर वाढवलं. पुढे ज्या दोघांनी नोटीस पाठवली ते या काकीचेच मुलगे. एका ताटात जेवलेली ही भावंडं आहेत, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

आण्णा बेळगावच्या एका टर्नरचे चिरंजीव. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर जॉबवर्क सुरू केलं होतं. वखारीतलं चाळणीचं यंत्र वारंवार बंद पडायचं, ते दुरुस्त करायला आण्णा निपाणीला जायचे. आप्पांनी माणूस तिथं पारखला. पण केवळ माणूस आवडला म्हणून वखारवाल्याने लेथवाल्याला लेक दिली असं समजणं अपुरं ठरेल. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकऱ्यांचे जीव गेले. व्यापाऱ्याने सांगावा तो भाव आणि शेतकऱ्याने मान हलवावी, हा जुना हिशेब आता पूर्वीसारखा चालणार नाही, हे शहाण्या व्यापाऱ्यांना त्या उन्हाळ्यात कळून चुकलं. आप्पा शहाणे होते. पैसा तंबाखूतून काढून लोखंडात घालायचा त्यांनी ठरवलं, आणि लोखंड समजणारा माणूस घरात हवा होता. १९८२ साली लग्न झालं.

आण्णांनी घरजावई व्हायला साफ नकार दिला. "मी निपाणीला येऊन ऱ्हाणार नाही, आणि वखारीत बसणार नाही," एवढं त्यांनी बैठकीतच सांगितलं. आप्पांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी त्यावर दुसराच मार्ग काढला. उद्यमबागेजवळची आपली बिनशेती जागा त्यांनी जावयाला वापरायला दिली. विकली नाही, बक्षीसपत्र केलं नाही, भाडेकरार केला नाही. "वापर. आपलंच हाय." लेकीच्या नावावर एक रक्कम ठेवली आणि तीच रक्कम लेकीने ठेव म्हणून नवऱ्याच्या भागीदारी फर्मला दिली. फौंड्रीची पहिली भट्टी त्या पैशावर पेटली.

त्यानंतरची वाढ आण्णांची. बेळगावात ओतकामाची परंपरा होतीच. पंपांची, व्हॉल्व्हची, पुढे वाहनांच्या भागांची कास्टिंग्ज इथून देशभर जातात, परदेशातही जातात. आण्णा रात्रपाळीला स्वतः भट्टीपाशी उभे राहायचे. वाळूची ओल हाताने बघायचे. रिजेक्शन वाढलं की कामगाराला झापण्याआधी साचा फोडून बघायचे. १९९६ साली फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, तेव्हा आक्कांच्या ठेवीच्या बदल्यात त्यांच्या नावे शेअर्स निघाले. टिळकवाडीत बंगला झाला, तोही आण्णांनी आपल्या कमाईतून आक्कांच्या नावे घेतला. गावात एक वाक्य मात्र कायम फिरत राहिलं: सासऱ्याच्या जिवावर मोठा झाला. हे वाक्य अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. सासऱ्याची जागा पुष्कळांना मिळते. चाळीस वर्षं भट्टी विझू न देणं पुष्कळांना जमत नाही. पण ज्या जागेवर ती भट्टी होती तिची मालकी कुणाची, हा प्रश्न त्या कष्टांनी सुटत नव्हता.

आप्पा १९९१ साली मृत्युपत्र न करता गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातली, म्हणजे कायदा सगळ्यांत आधी धरतो त्या जवळच्या नात्यांतली, एकमेव वारस लेक, त्यामुळे सगळी मालमत्ता आक्कांच्या नावावर आली. कलम १४ प्रमाणे ही मालकी संपूर्ण. विधवेचा किंवा लेकीचा "हयातीपुरता हक्क" हा जुना प्रकार त्यात उरलेला नाही. खरं तर हा जिल्हा जुन्या मुंबई इलाख्यातला, आणि मुंबई शाखेच्या हिंदू कायद्यात बापाकडून वारसा घेणाऱ्या लेकीला १९५६ च्या आधीही पूर्ण मालकी मिळत असे. म्हणजे लेकीच्या पूर्ण हक्काची गोष्ट या मातीला नवी नव्हती. घराला ती नवी राहिली.

कारण या मालकीने आक्कांच्या दिवसात काय फरक पडला, ते बघा. जागेचं भाडं त्यांना कधी मिळालं नाही, कारण भाडं ठरलंच नव्हतं. वखारींचं भाडं आण्णांचा निपाणीतला मुनीम गोळा करून कंपनीच्या खात्यात भरायचा. रानाचा वाटा चुलत भाऊ धान्याच्या रूपाने पाठवायचे. २००८ साली चौदापैकी नव्हे, त्याला लागून असलेलं वेगळं चार एकरांचं एक रान विकलं. पैसे आक्कांच्या नावे मुदतठेवीत गेले, आणि ती पावती कंपनीच्या कर्जाला तारण म्हणून बँकेत गेली. बँकेच्या कागदांवर आक्का जामीनदार होत्या. जागेचं मूळ खरेदीखत बँकेत जमा होतं. कराराच्या कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणजे कंपनी बुडाली असती तर आक्कांचं माहेर तिच्याबरोबर बुडालं असतं. दर वर्षी मर्यादा वाढली की कागद घरी यायचे. "आक्का, हितं हितं खुणा केल्यात बगा." त्या मराठीत सही करायच्या. बँकेचे कागद इंग्रजीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. दोन्ही त्यांना नीट वाचता येत नव्हते, आणि वाचून दाखवा असं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. सीमाभागातल्या मराठी घरांत हे आजही चालतं. सातबारा वाचणारी माणसंही कन्नड उतारा आला की तलाठ्याच्या तोंडाकडे बघतात. मग घरातल्या बाईने काय करावं?

आण्णा सत्काराच्या कार्यक्रमांत उघड म्हणायचे, "हे सगळं हिचंच आहे." ते खोटं बोलत नव्हते. पण जे माणूस मंचावर कबूल करतो ते त्याने कागदावर केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मूल झालं नाही. आण्णांचा पुतण्या दत्तक घ्यायचं बोलणं दोनदा निघालं. एकदा काकीने विरोध केला, एकदा आक्का स्वतःच गप्प राहिल्या. रीतसर दत्तक झालं असतं तर कायद्याने तो मुलगाच ठरला असता आणि नोटीस पाठवायला जागाच उरली नसती. २०१९ साली एकसष्टाव्या वर्षी आक्का गेल्या. मृत्युपत्र नव्हतं.

आता कायदा. मुलंबाळं नसलेली हिंदू बाई मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिच्या मालमत्तेचं काय होतं याचं उत्तर तिच्याकडे ती मालमत्ता कुठून आली यावर ठरतं. सर्वसाधारण क्रम कलम १५(१) मध्ये आहे: आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, त्यानंतर तिचे आईवडील. पण १५(२)(अ) म्हणतं, आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूल किंवा मृत मुलाचं मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे जाते. नवरा त्यात येत नाही. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता तशीच नवऱ्याच्या वारसांकडे जाते. जानेवारी २०२२ मध्ये अरुणाचल गौंडर विरुद्ध पोन्नुसामी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पोटकलमाचा हाच हेतू सांगितला: निपुत्रिक बाईला वारशाने आलेली मालमत्ता तिच्या मूळ स्रोताकडे परत जावी. चुलत भावांच्या वकिलांनी तो निकाल लगेच जोडला.

आण्णांच्या वकिलांनी मग प्रत्येक मालमत्ता सुटी करून मांडली, आणि या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं काम तेच. टिळकवाडीचा बंगला वारशाचा नव्हता, तो नवऱ्याच्या पैशाने आलेला. कलम १५(१) प्रमाणे तो नवऱ्याकडे. लग्नातलं सोनं वडिलांनी हयातीत दिलेलं, म्हणजे बक्षीस. १५(२) मध्ये शब्द "वारशाने" असा आहे, त्यामुळे बक्षिसाला ते लागत नाही. सोनं स्त्रीधन होतं, आक्कांच्या हयातीत आण्णांचा त्यावर कसलाही हक्क नव्हता, पण त्यांच्या मागे ते आण्णांकडे आलं. शेअर्सचंही तसंच: मुळात आप्पांनी हयातीत लेकीला दिलेली रक्कम, तिची ठेव, ठेवीचे शेअर्स. भावांचे वकील इथे अडले, पण फार ताणलं नाही. वखारी, चौदा एकर, चंदगडचे तीन एकर आणि फौंड्रीची जागा यांच्याबद्दल मात्र वाद घालायला जागा नव्हती. ती सरळ वारशाने आलेली होती, आणि चंदगड महाराष्ट्रात असलं तरी वारसा कायदा केंद्राचा, तोच. फक्त सातबाऱ्यासाठी चंदगडला आणि उताऱ्यासाठी निपाणीला, असे दोन राज्यांचे उंबरे झिजवावे लागले. मुदतठेवीवर खरं घमासान झालं. जमीन वारशाची होती, पण विकून आलेला पैसा वारशाचाच धरायचा का? कलमात त्याचं थेट उत्तर नाही.

आण्णांना पहिल्यांदा हे ऐकून राग आला नाही, ते गप्प झाले. ज्या जमिनीत त्यांनी चाळीस वर्षं ओतली ती त्यांची कधीच नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पण ती बायकोच्या मागे आपल्याकडे येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सनदी लेखापाल, बँक, कंपनीचे सल्लागार, सगळ्यांनी तिच्या सह्या घेतल्या. तिच्या वारसाचा विचार कुणी केला नाही.

तरी आण्णांची बाजू अगदी रिकामी नव्हती. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० सांगतं की परवानगीने जमीन वापरणाऱ्याने त्या परवानगीच्या भरवशावर, खर्च करून, पक्कं बांधकाम केलं असेल तर ती परवानगी सहजी मागे घेता येत नाही. म्हणजे जागा भावांची झाली तरी भट्टी उद्या उचला असं म्हणता येणार नव्हतं. आणि जागा बँकेकडे तारण होती. तारण आक्कांनी हयातीत दिलं होतं, ते जागेबरोबरच वारसांकडे आलं. भावांच्या हातात आली ती जागा अशी: विकता येत नाही, मोकळी करता येत नाही, वर बँकेचा बोजा. आण्णांच्या हातात कारखाना होता, पण नव्या कर्जासाठी बँक जागेचा मालक विचारत होती. दिवाणी न्यायालयात निकाल लागला असता तरी पुढे धारवाड खंडपीठ होतंच, आणि दोन्हीकडची माणसं साठी ओलांडलेली.

कोंडी फोडली ती तिसऱ्याच माणसाने. आक्का गेल्या त्या क्षणी जणू आप्पा वारले असं धरून आप्पांचे वारस शोधायचे, अशी कलम १६ ची पद्धत आहे. आप्पांचा भाऊ आधीच गेला होता, बहीण नव्हती. मग पाळी येते भावाच्या मुलांची, आणि दुसऱ्या वर्गाच्या त्या नोंदीत भावाचा मुलगा आणि भावाची मुलगी बरोबरीने आहेत. नोटीस दोघा भावांनी पाठवली होती. काकीला मुलं मात्र तीन होती. धाकटी ताई गडहिंग्लजला दिलेली. तिचा एक तृतीयांश हिस्सा भावांनी धरलाच नव्हता. तिला विचारलंही नव्हतं. "ती काय मागणार हाय व्हय?" एवढ्यावर त्यांचा हिशेब झाला होता.

निपाणीच्या घरात तेच झालं जे टिळकवाडीच्या घरात झालं होतं, आणि मला हे या प्रकरणातलं सगळ्यांत जिव्हारी लागणारं अंग वाटतं. एका घरात बाईच्या मालकीचा वापर झाला, दुसऱ्यात बाईचा हिस्सा गृहीत धरून पुसला गेला. कुणीही दुष्ट नव्हतं.

ताई कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात आली ती एक वही घेऊन. आक्कांची वही. शेवटच्या आजारात त्यांनी ती ताईकडे दिली होती. त्यात माहेरचे व्यवहार, कुणाला किती दिलं, काकीच्या औषधांचा खर्च, आणि एका पानावर तारीख घालून, सही करून लिहिलेलं: लहान वखार बिडी बांधणाऱ्या बायकांच्या पोरींना राहायला-शिकायला द्यावी. आण्णांनी ते पान तिथं पहिल्यांदा पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात ही इच्छा त्यांच्या कानावर आली नव्हती. कायद्याच्या भाषेत ते पान मृत्युपत्र ठरत नव्हतं, कारण भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या नव्हत्या. नोंदणीसुद्धा सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. फक्त दोन शेजाऱ्यांना बोलवायचं होतं. बँकेच्या कागदांना दर वर्षी साक्षीदार मिळाले होते.

अशा प्रकरणात सल्ला देणारे पुष्कळ जण सांगतात की बाईकडून नवऱ्याच्या नावे बक्षीसपत्र करून घ्या, प्रश्नच मिटतो. मला हा सल्ला वाईट वाटतो. त्याने कारखाना वाचतो आणि बाई हयातीतच मोकळ्या हाताची होते. कंपनीने जागेचा भाडेकरार करून दर महिन्याला आक्कांच्या खात्यात भाडं भरायला हवं होतं, किंवा त्यांच्या हयातीत योग्य भावाने जागा विकत घ्यायला हवी होती. दोन्हींत त्यांच्या हातात पैसा आला असता आणि कारखान्याखालची जमीन पक्की झाली असती. आणि मृत्युपत्र, कारण तो एकच कागद असा आहे की तो करताना तुला काय हवं, असं बाईला विचारावंच लागतं.

कायद्याबद्दलही बोलायला हवं. मालमत्ता कुठून आली हे तो विचारतो, पण बाई कुणाची होती, तिला कुणी सांभाळलं, हे विचारत नाही. उलट टोकाचं उदाहरण २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकालाचं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरहून हाकललेल्या, माहेरी राहून शिकून नोकरी केलेल्या बाईची स्वकष्टाची कमाई तिच्या आईला न मिळता नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेली, कारण १५(१) चा क्रम तसा आहे. विधी आयोगाने २००८ सालीच आपल्या २०७ व्या अहवालात या कलमात बदल सुचवला होता. कलम आजही तसंच उभं आहे. इथं आण्णा हरले, तिथं आई हरली. दोन्हीकडे गेलेल्या बाईच्या मनाला काही किंमत नव्हती.

तडजोड ताईच्या अटीवर झाली. आपला तिसरा हिस्सा तिने लहान वखारीच्या रूपाने घेतला, बाकीचं भावांना सोडलं. भावांना मोठी वखार आणि दोन्हीकडची राने मिळाली. फौंड्रीची जागा कंपनीने भावांकडून ठरलेल्या भावाने पाच वार्षिक हप्त्यांत घ्यायची, आणि त्याआधी बँकेचा बोजा आण्णांनी टिळकवाडीच्या बंगल्यावर आणि यंत्रांवर हलवायचा, असं ठरलं. मुदतठेव निम्मी-निम्मी झाली. त्यावर कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. न्यायालयाने तसा हुकूमनामा केला.

लहान वखारीचं छप्पर आण्णांनी स्वखर्चाने उतरवून नव्याने घातलं. विश्वस्त म्हणून ताई आहे, आण्णा आहेत आणि वखारीत पूर्वी चाळणीवर काम केलेली एक बाई आहे. भावांपैकी थोरला मधूनमधून येऊन बघून जातो. धाकटा अजून बोलत नाही. आण्णांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं आहे, कारण त्यांना पहिल्या वर्गातला एकही वारस नाही आणि शेअर्स भावा-पुतण्यांत विखुरले तर कंपनी चालणार नाही. मसुदा मराठीत केला आहे. कंपनीने जागेचे तीन हप्ते भरले, दोन राहिले आहेत.